सोलापूरकडील सशाचे कालवण : पार्श्वभूमी

सोलापूर, बार्शी, मंगळवेढा या पट्ट्यातील ज्या घरांत पूर्वी सशाचे कालवण होत असे, तेथे त्याची कृती आजही तोंडी सांगितली जाते. मांसाला हळद-मीठ लावून ठेवावे, ते आधी अळणी, म्हणजे मसाला न घालता, शिजवावे, मग काळा मसाला सढळ हाताने घालावा आणि कुठेही घाई करू नये, एवढाच तिचा सारांश असतो. कृती अस्सल आहे, परंतु ती ज्या प्राण्यासाठी घडली तो आता कायद्याने चुलीपर्यंत येऊ शकत नाही, आणि जो ससा आज रीतसर विकत मिळतो त्याला ती जशीच्या तशी लावली की मांसाचा चोथा होतो.

या घोळाचे मूळ एका शब्दात आहे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या प्राण्यांसाठी चालतो. माळरानावरचा आपला ससा, म्हणजे खेड्यातल्या बोलीत ‘ससं’, हा लेपस नायग्रिकॉलिस. मानेमागच्या काळ्या डागावरून त्याचे हे शास्त्रीय नाव पडले. पिंजऱ्यात वाढवला जातो तो ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस, मूळचा युरोपच्या नैऋत्य कोपऱ्यातला. भारताच्या रानात तो मुळात नव्हताच. पहिला बीळ खणत नाही. तो गवत दाबून केलेल्या खळगीत बसतो आणि त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे असतानाच जन्मतात. दुसऱ्याची पिल्ले उघडी, आंधळी आणि बिळात जन्मणारी. पहिल्याच्या पेशीत 48 गुणसूत्रे असतात आणि दुसऱ्याच्या 44, आणि दोघांचा संकर होत नाही. बालगीतांत आणि चित्रांच्या पुस्तकांत पांढरा, गुबगुबीत, लाल डोळ्यांचा ससा इतका रुजला आहे की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर संध्याकाळी पायाखालून उठून पळणारा लांबट, तपकिरी प्राणी तो नव्हे, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. ‘रानससा’ हा शब्द वापरला तरी प्रश्न पुरता सुटत नाही, कारण खरेदीच्या वेळी माणूस रंग पाहतो, आणि सोव्हिएत चिंचिला किंवा ग्रे जायंट यांसारख्या पाळीव जातीही करड्याच असतात. खरा फरक कळतो तो कातडे निघाल्यावर. रानातल्या सशाचे मांस गडद तांबडे, जवळजवळ काळपट असते; पाळीव सशाचे फिकट गुलाबी, कोंबडीच्या जवळ जाणारे.

प्राचीन काळाबद्दल येथे थोडक्यात सांगणे पुरे. पाच नखांच्या प्राण्यांपैकी जे मोजके प्राणी धर्मशास्त्राने भक्ष्य मानले, त्यांत शश आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी त्याचे मांस रूक्ष (कोरडे) आणि ग्राही (मल बांधणारे) म्हटले आहे. स्वयंपाकाच्या दृष्टीने ‘रूक्ष’ हा शब्द फार नेमका आहे. धावणाऱ्या प्राण्याच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, आणि पुढची सगळी पाककृती ही या एका उणिवेला दिलेले उत्तर आहे.

ते उत्तर सोलापूरच्या कोरडवाहू मुलखाने आपल्या पद्धतीने शोधले. चरबी नाही म्हणून तेल सढळ, आणि तेल करडईचे किंवा शेंगदाण्याचे, कारण रब्बीत ज्वारीबरोबर करडई येथे घरचीच. युरोपात असे मांस थंड जागी टांगून काही दिवस मुरवण्याची रीत होती. जेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो तेथे ती शक्यच नव्हती. त्यामुळे मांस त्याच दिवशी चुलीवर चढे, आणि मुरण्याने जो मऊपणा आला असता तो मंद आचेवर तास-दोन तास शिजवून आणावा लागे. पित्ताची पिशवी न फुटता काढणे, स्नायूंवरचा पांढरा पापुद्रा नखाने धरून सोलणे, ताकात किंवा हळद-मिठात ठेवून उग्र वास कमी करणे, ही सगळी आधीची कामे होती. पहिले अळणी पाणी वाटीत घेऊन घरातल्या लहानांना आणि आजाऱ्याला दिले जाई. मग निखाऱ्यावर भाजलेला कांदा, काळे होईपर्यंत भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि काळा मसाला यांचे वाटण पाट्यावरून थेट पातेल्यात जाई आणि रस्सा दाट करायला मूठभर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ, लागे. सोबत कडक भाकरी. काळ्या मसाल्याचा एवढा भार गडद मांसच पेलू शकते, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

हे मांस घरात कसे येई, हा भाग कायद्याच्या इतिहासाचा आहे आणि त्यावर आजही वाद होतो. 1912 च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात हरणांबरोबर सशाचाही उल्लेख होता आणि शिकारीचा बंद काळ ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला होता. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तो नेमका येथल्या भीषण दुष्काळाच्या वर्षी. त्याच्या चौथ्या परिशिष्टाचे नाव ‘लहान शिकार’ असे होते, त्यात ससा होता, आणि परवाना घेऊन शिकार करता येत असे. परवान्याची ही भाषा बंदूक बाळगणाऱ्याला सोयीची होती. वाघूर म्हणजे जाळे, आणि फासे, यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या फासेपारधी कुटुंबाच्या हाती असा कागद येणे अवघडच होते. ज्यांना ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का 1952 मध्ये कायद्याने पुसला, त्यांच्याकडेच सशाचे मांस साफ करण्याचे आणि शिजवण्याचे सर्वांत बारीक ज्ञान होते, आणि ते फारसे कोणी लिहून घेतले नाही, याची खंत वाटते.

1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. गैरसमज पसरला तो यानंतर. ससा चौथ्या परिशिष्टात राहिला आणि त्या परिशिष्टातील प्राण्यांसाठी शिक्षा तुलनेने सौम्य होती, म्हणून ‘सशाला चालते’ असे गावोगाव धरले गेले. प्रत्यक्षात शिकार तेव्हापासून सरळ बंद होती. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, सहा परिशिष्टांची चार केली आणि ससा दुसऱ्या परिशिष्टात गेला. आता त्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शेतातली नासाडी पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे जाचक वाटते. तरीही माळरानाचे तुकडे पडत असताना, आणि 1979 मध्ये माळढोकासाठी राखलेल्या प्रदेशातच माळढोक दिसेनासा होत असताना, सशाला मोकळे सोडले असते तर त्याचीही तीच गत झाली असती, हे मानणे भाग आहे.

म्हणून आज कृती बदलायची आहे ती पाळीव सशासाठी. न्यूझीलंड व्हाइटसारख्या जातीचा तीन महिन्यांचा, सुमारे दोन किलोचा ससा कोवळा असतो. त्याला तासभर उकळवणे किंवा कुकरच्या शिट्ट्या देणे हीच सर्वांत मोठी चूक. मटणाला लावतात तशी कच्ची पपई लावली तर मांस पिठूळ होते. दह्यात दोन तास पुरेत. हाडे बारीक आणि ठिसूळ असतात, सत्तूराने घाव घातले की कपच्या रश्श्यात उतरतात, त्यामुळे सुरीने सांध्यावरच तुकडे करावेत. पाठीचा भाग मांड्यांच्या बराच आधी शिजतो, म्हणून तो पातेल्यात शेवटी टाकावा. करडईचे तेल मात्र पूर्वीइतकेच सढळ हवे, कारण चरबी याही सशात कमीच. मसाला निम्मा, खोबरे बदामी रंगावरच थांबवलेले, आणि अळणी पाणी पूर्वीसारखेच आधी वाटीत काढून ठेवलेले. वरून लिंबू पिळून ते गरम असतानाच प्यावे.