डेटा रिकव्हरी (बिघडती हार्ड डिस्क)

बिघडू लागलेल्या किंवा बंद पडलेल्या हार्ड डिस्कवरील फायली वाचून दुसऱ्या, धडधाकट साधनावर उतरवून घेण्याची प्रक्रिया. ‘विदा पुनर्प्राप्ती’ हा प्रतिशब्द लिखाणात आढळतो. बोलण्यात ‘डेटा रिकव्हरी’ हेच रूढ आहे. रिकव्हरी म्हणजे डिस्कची दुरुस्ती नव्हे. डिस्क पुन्हा वापरात आणणे हा तिचा हेतूच नसतो. त्या डिस्ककडून शेवटचे एक शक्य तितके पूर्ण वाचन मिळवायचे असते. खराब डिस्कमध्ये असे वाचन किती वेळ होऊ शकेल हे आधी कळत नाही. त्यामुळे उरलेला वेळ कोणत्या क्रमाने खर्च करायचा, हाच या तंत्रातला कळीचा प्रश्न आहे.

रचना व बिघाड : आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या रॅमॅक यंत्रणेत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सु. ५० लाख अक्षरे मावत. हलकी हेड्स (तबकडीवर डेटा लिहिणारे-वाचणारे भाग) आणि वंगण दिलेल्या तबकड्या एकाच बंद डब्यात ठेवण्याची, ‘विंचेस्टर’ नावाने ओळखली जाणारी रचना १९७३ पासूनची. आजच्या डिस्कची ठेवण तिच्यावरूनच आली आहे. साडेतीन इंची डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी सु. १३० किमी. वेगाने फिरत असते आणि हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या पातळ थरावर तरंगते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. धक्का बसून हेड तबकडीला टेकले तर चुंबकीय लेप खरवडला जातो, त्याची भुकटी डब्यात फिरते आणि इतर जागांवरही ओरखडे पाडते. डिस्क चालू राहील तोवर ही हानी वाढत जाते.

तबकडीवर मार्गदर्शनासाठी कायमच्या लिहिलेल्या खुणा हेडला सापडल्या नाहीत, की त्याचा दांडा मागे जाऊन टेकणीवर आपटतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ठरावीक अंतराने येणारा ‘टक्-टक्’ आवाज त्याचाच. ‘क्लिक ऑफ डेथ’ हे त्याचे नाव मुळात हार्ड डिस्कचे नसून १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात झिप ड्राइव्ह या काढता-घालता येणाऱ्या डिस्कच्या साधनाच्या संदर्भात रूढ झाले आणि तेथून इकडे आले असावे. हा आवाज ऐकू येताच वीज बंद करावी. सॉफ्टवेअरने साधण्यासारखे काही तेथे उरलेले नसते.

पूर्वसूचना : डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या यंत्रणेद्वारे ठेवते. आयबीएम व कॉम्पॅक यांच्या आधीच्या पद्धतींतून ती १९९०च्या दशकाच्या मध्यास आकाराला आली. तिच्यातील क्र. ५ (बदली दिलेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे ठरावीक भाग), क्र. १९७ (निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर) आणि क्र. १९८ (न सुधारता येणारे सेक्टर) यांचे आकडे विशेष पाहतात. गूगलच्या पिनहेरो, वेबर व बारोसो यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक न आढळलेल्या डिस्कच्या ३९ पट होते, असे त्यात दिसले. त्याच अभ्यासात, निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये प्रमुख चार निर्देशकांपैकी एकही हललेला नव्हता. म्हणून स्मार्टचा इशारा मिळाला तर तो खरा धरावा. इशारा नाही याचा अर्थ डिस्क निरोगी आहे असा घेऊ नये.

इमेज घेणे : डिस्कवरील सेक्टर जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर किंवा एका मोठ्या फायलीत उतरवणे. एकदा इमेज हाती आली की शोध, जुळणी, दुरुस्ती हे सगळे तिच्या प्रतीवर निवांत करता येते. युनिक्समधील जुनी ‘डीडी’ आज्ञा या कामाला अपुरी पडते. चूक आली की ती थांबते. न थांबता पुढे जाण्याचा पर्याय दिला पण ‘सिंक’ हा पर्याय विसरला, तर न वाचलेला भाग गाळला जाऊन त्यापुढचा सगळा डेटा जागचा सरकतो आणि इमेज निरुपयोगी होते. यातून दोन साधने पुढे आली : कुर्ट गार्लोफ यांचे ‘डीडी_रेस्क्यू’ व आंतोनियो दियास दियास यांचे ‘ग्नू डीडीरेस्क्यू’ (सु. २००४ पासून). नावांतील साम्यामुळे दुसरे पहिल्यावरूनच निघाले असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात दोन्ही कार्यक्रम स्वतंत्र आहेत.

ग्नू डीडीरेस्क्यूचे वैशिष्ट्य वाचनाच्या क्रमात आहे. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारे भाग उचलते आणि चूक आली की तिथे न रेंगाळता पुढे उडी मारते. मग वगळलेल्या भागांकडे ते उलट दिशेनेही येते, नंतर त्यांच्या कडा छाटते आणि शेवटी उरलेले सेक्टर एकेक करून खरवडते. हा क्रम का, ते साध्या हिशेबाने कळते. सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने एक टेराबाइटची निरोगी डिस्क पावणेतीन तासांत वाचून होते. त्याच डिस्कवर १०,००० खराब सेक्टर असले आणि प्रत्येकावर डिस्कने ५ सेकंद घालवले, तर केवळ तेवढ्याला जवळजवळ १४ तास लागतात. हे १४ तास आधी खर्च झाले आणि मधेच हेड गेले, तर सहज मिळणारा डेटाही हातचा जातो.

प्रत्येक भागाची स्थिती मॅप फाइलमध्ये लिहिली जात असल्याने काम थांबवून, डिस्क थंड होऊ देऊन तेथूनच पुढे सुरू करता येते. हा नकाशा नीट पाहणाऱ्याला बरेच काही सांगतो. न वाचलेले पट्टे ठरावीक अंतराने आणि साधारण सारख्या लांबीचे येत असतील, तर अनेक हेडांपैकी एक गेले आहे असे समजावे. एकाच जागी दाट झुबका असेल तर तो बहुधा ओरखडा असतो. हेड गेल्याची खूण दिसताच पुन्हा पुन्हा खरवडणे सोडून द्यावे, त्याने बाकीची हेडेही धोक्यात येतात.

महत्त्वाच्या फायली थोड्या असतील आणि फोल्डर अजून उघडत असेल, तर आधी त्याच कॉपी कराव्यात असे काही जण सांगतात. काही जण थेट इमेजचाच आग्रह धरतात. वाचन सुरळीत असेल तोवर पहिले मत योग्य आहे. कॉपी अडखळू लागताच मात्र दुसरेच. विंडोजमधील ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्ती-साधने मूळ डिस्कवर कधीही चालवू नयेत. ती फाइल व्यवस्थेची (कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे या नोंदींची) सुसंगती राखण्यासाठी डिस्कवरच लिहितात, तुटक्या नोंदी काढून टाकतात आणि त्याबरोबर फायलींचे ठावठिकाणे जातात.

फाइल व्यवस्थाच नष्ट झाली असेल तर इमेजमधील बाइटच्या खुणांवरून फायली ओळखता येतात, उदा., जेपेग चित्राची सुरुवात नेहमी एफएफ-डी८ या दोन बाइटांनी होते. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे ‘फोटोरेक’ याच तत्त्वावर चालते. यात फायलींची नावे सहसा मिळत नाहीत आणि तुकड्यांत विखुरलेल्या फायली बहुधा अर्धवट येतात.

वादग्रस्त उपाय : डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय फार सांगितला जातो. जुन्या डिस्कमध्ये बंद अवस्थेत हेड तबकडीवरच टेकत असे आणि कधी चिकटून बसे. थंडीने धातू आकसून ते सुटत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेरच्या उतरंडीवर विसावते, त्यामुळे ते कारण उरलेले नाही. गार तबकडीवर धरणाऱ्या दवाचा धोका मात्र खरा आहे. हा उपाय करू नये. सर्किट बोर्ड बदलण्याचेही तसेच. प्रत्येक डिस्कची जुळणी-मूल्ये तिच्या बोर्डावरील रॉम चिपमध्ये असतात. ती चिप किंवा तिच्यातील मजकूर नव्या बोर्डावर नेल्याशिवाय त्याच मॉडेलचा बोर्डही सहसा चालत नाही.

पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये मांडले, की वर दुसरे काही लिहिलेला डेटाही सूक्ष्मदर्शी तंत्राने वाचता येऊ शकेल. ३५ वेळा पुसण्याची प्रथा त्यांच्या लेखातून आली. तो आराखडा तेव्हाच्या सांकेतन पद्धतींसाठी होता, असे पुढे त्यांनीच स्पष्ट केले. २००८ मध्ये राइट व सहकाऱ्यांनी केलेल्या तपासणीत, एकदा वर लिहिले गेल्यावर सलग मजकूर परत मिळण्याची शक्यता नगण्य ठरली. हे दुसरे मत आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. रिकव्हरीच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे : मूळ डिस्कवर काहीही लिहू नये, रिकव्हरीचे सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर बसवू नये.

प्रयोगशाळेतील काम : हेड बदलायचे असेल तर डबा धूळरहित कक्षात उघडतात आणि त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवतात. हेलियम भरलेल्या, सांधे जोडून बंद केलेल्या डिस्कमध्ये हे अधिक अवघड होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळलेल्या कोलंबिया अवकाशयानातील एक हार्ड डिस्क सु. सहा महिन्यांनी कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. तिच्यावर झेनॉन वायूच्या श्यानतेच्या प्रयोगाची मोजमापे होती. तबकड्यांवर खड्डे पडले होते, पण संगणक डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालत असल्याने डेटा एका भागात सलग लिहिलेला होता आणि खड्डे त्या भागाबाहेर होते. सु. ९९ टक्के डेटा मिळाला व प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

एसएसडी (तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारे साधन) : यात फिरणारा भाग नसल्याने आवाजाची पूर्वसूचना मिळत नाही, बिघाड अनेकदा अचानक होतो. ट्रिम आज्ञा (खोडलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवणारी) चालू असेल तर खोडलेल्या फायली सहसा परत मिळत नाहीत.