धर्माने जिंकायचं की संस्कृतीने?

सिव्हिलायझेशन सिक्स या पाळीपाळीने (टर्नने) खेळायच्या, साम्राज्य उभारण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये खेळ मध्यावर आला की बऱ्याच जणांची एक विचित्र अवस्था होते. दोन-तीन होली साइट (धर्मस्थळं) उभ्या असतात, स्वतःचा धर्म स्थापन झालेला असतो, फेथचा, म्हणजे श्रद्धेच्या गुणांचा, आकडा टर्नागणिक फुगत असतो, आणि आपण नेमके कुठल्या विजयाकडे निघालोय ते मात्र कळत नसतं. युद्धवाल्याला हा प्रश्न पडत नाही, त्याला सगळ्यांच्या मूळ राजधान्या घ्यायच्या असतात. विज्ञानवाला कॅम्पस बांधत सुटतो. गोंधळ उडतो तो रिलिजिअस आणि कल्चर या दोन विजयांत. दोन्हीकडे तलवार म्यानात, दोन्हीकडे फेथ खर्च होतो, आणि दोन्हीकडे आपली माणसं परक्या मुलखात पाठवावी लागतात.

गणपतीला मुंबईची भावंडं मालवणला घरी आली की एकाच लॅपटॉपवर हॉटसीट लागतं, आणि हाच वाद दरवर्षी नव्याने होतो. धाकटी चुलत बहीण कुरकुरते, "दादा, माझं कल्चर सगळ्यांत जास्त आहे, धर्मही अर्ध्या नकाशावर आहे, मग मी जिंकत का नाही?" तिच्या एका वाक्यात दोन वेगळे घोळ आहेत. ते सोडवायचे तर दोन्ही विजय नेमकं काय मोजतात इथपासून सुरुवात करावी लागते. पुढचं सगळं २०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्म विस्तारासकटच्या गेमबद्दल आहे. २०१६ चा मूळ गेम खेळणाऱ्यांना रॉक बँड वगैरे दिसणार नाहीत.

रिलिजिअस व्हिक्टरी शहरं मोजते, आणि तीही आत्ता या टर्नला जशी आहेत तशी. नकाशावरच्या प्रत्येक देशात निम्म्याहून जास्त शहरांनी तुमचा धर्म मानला पाहिजे. प्रत्येक देशात. सहा मोठे देश तुमचे झाले आणि सातवा, दोनच शहरांचा, बर्फाळ कोपऱ्यात बसलेला राहिला, तर विजय अडकला तो अडकलाच. दोन शहरांत निम्म्याहून जास्त म्हणजे दोन्ही. आणि मिळवलेलं टिकतं असंही नाही. तुम्ही पुढच्या देशाकडे वळलात की मागे कुणीतरी अपॉसल (वरच्या दर्जाचा धर्मप्रचारक) पाठवून शहर परत फिरवतो. या विजयात पुढे सरकणं आणि राखणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालतात.

कल्चर व्हिक्टरीत शहरांचा प्रश्नच येत नाही. तिथे पर्यटक मोजतात, आणि पर्यटकांचे दोन प्रकार असतात. प्रत्येक देशाने आजवर जितकं कल्चर जमवलं त्यातून त्याचे घरगुती पर्यटक ठरतात, साधारण दर १०० कल्चरमागे एक. तुमच्या टुरिझममधून (ग्रेट वर्क्स म्हणजे थोर कलाकृती, नॅशनल पार्क, रिसॉर्ट अशा गोष्टींतून दर टर्नला मिळणाऱ्या गुणांतून) तुमच्याकडे येणारे परदेशी पर्यटक ठरतात. तुमच्या परदेशी पर्यटकांची संख्या इतर प्रत्येक देशाच्या घरगुती पर्यटकांपेक्षा जास्त झाली की विजय. "प्रत्येक देशाच्या" हे इथेही आलं, पण अर्थ पार बदलला. बाकीचे कितीही असोत, ज्याचे घरगुती पर्यटक सर्वांत जास्त त्या एकाला मागे टाकलं की उरलेले आपोआप मागे पडतात.

आमच्या काकीने एकदा पडद्याकडे बघत विचारलं होतं, "अरे, पण हे टुरिस्ट येतत खंयसून?" प्रश्न अगदी बरोबर जागी लागलेला आहे. हे पर्यटक समोरच्या देशाचेच लोक असतात. ज्या गावची जत्रा दणक्यात होते, रात्रभर दशावतार रंगतो, त्या गावचा माणूस त्या दिवशी दुसरीकडे जात नाही; गेममध्ये कल्चर तेवढंच करतं, आपल्या माणसाला घरात धरून ठेवतं. बाहेरच्याला ओढून आणतो तो टुरिझम. म्हणजे कल्चर ही ढाल आणि टुरिझम हे हत्यार. बहिणीचा पहिला घोळ इथे सुटतो. तिचं कल्चर सर्वांत जास्त होतं, त्यामुळे दुसरं कुणी कल्चर व्हिक्टरीने जिंकणं अवघड झालं होतं. ती स्वतः मात्र एक पाऊलही पुढे गेली नव्हती. या विजयाचं नाव कल्चर व्हिक्टरी ठेवणाऱ्यांनी नव्या खेळाडूंवर थोडा अन्यायच केलाय.

हिशोबही बघण्यासारखा आहे. एखाद्या देशातून एक पर्यटक यायला त्या देशावर साठलेला टुरिझम लागतो २०० गुणिले खेळ सुरू होताना असलेल्या देशांची संख्या. आठ देशांचा नकाशा असेल तर १६००. पण तुमचा टुरिझम भेट झालेल्या प्रत्येक देशावर एकाच वेळी पूर्ण पडतो, वाटला जात नाही. टर्नला १०० टुरिझम असेल तर साधारण १६ टर्नांत सातही देशांतून एकेक पाहुणा येतो. खुल्या सीमांचा करार असेल तर त्या देशावर २५ टक्के जास्त, व्यापारी मार्ग चालू असेल तर आणखी २५ टक्के. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने सगळ्यांशी ओळख ठेवावी, भांडण टाळावं.

यातून एक गंमत निघते, आणि दोन्ही विजयांतला फरक मला तरी इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. समजा, शेजारी एक दुबळा देश आहे आणि तो गिळून टाकण्याइतकं सैन्य तुमच्याकडे आहे. धर्माच्या वाटेवर तो गिळला तर एक काम कमी झालं, कारण त्याची निम्मी शहरं फिरवण्याची गरज उरली नाही. कल्चरच्या वाटेवर तोच देश गिळला तर नुकसान. तिकडून येणारे पाहुणे बंद, आणि एका पाहुण्यामागे लागणारा टुरिझम मात्र सुरुवातीच्या देशसंख्येवरच अडलेला. दुबळ्या देशाला कल्चरवाल्याने जिवंत ठेवावं, त्याच्याशी व्यापार करावा. गिळायचाच असेल तर ज्याचं कल्चर सर्वांत जास्त आहे त्याला गिळावा, आणि ते अर्थातच सोपं नसतं.

आता फेथकडे, कारण खरी चूक होते ती खर्चात. धर्मवाल्याचा फेथ पहिल्यापासून वाहता हवा. श्राइन असलं की मिशनरी, टेंपल असलं की अपॉसल. मिशनरी स्वस्त असतो, पण त्याला लढता येत नाही. अपॉसल महाग, पण समोरच्या धर्माच्या अपॉसलशी वाद घालतो, आणि वादात जो मरतो त्याच्या धर्माचा जोर आजूबाजूच्या शहरांत कमी होतो. जखमी मिशनरीचा प्रभावही कमी पडतो, तेव्हा त्याला घाईने शेवटचा प्रचार करायला लावू नये. या मंडळींना परक्या हद्दीत शिरायला खुल्या सीमांचा करार लागत नाही, ही धर्मवाल्याची मोठी सोय. अडचण एकच: समोरच्याने युद्ध पुकारलं की त्याचं सैन्य तुमच्या प्रचारकांना पाखंडी ठरवून तिथेच संपवतं, आणि वर त्या भागात तुमच्या धर्माचा प्रभावही घटतो. त्याआधी बहुतेक वेळा "आमच्या शहरांत प्रचार थांबवा" अशी विनंती येते. हो म्हटलं तर हात बांधले, नाही म्हटलं तर संबंध बिघडले.

कल्चरवाल्याचा फेथ उलट साठवायचा असतो. त्याची खरी गिऱ्हाइकी उशिरा उघडते. कॉन्झर्व्हेशन हे सिव्हिक (कल्चरने गाठायचा प्रगतीचा टप्पा) आलं की फेथने नॅचरलिस्ट घेता येतो आणि नॅशनल पार्क होतं. कोल्ड वॉर आलं की रॉक बँड. रॉक बँड म्हणजे दुसऱ्याच्या देशात जाऊन कार्यक्रम करणारी मंडळी. एका कार्यक्रमात त्या एका देशावर टुरिझमचा मोठा भार टाकतात, आणि कधी कधी तिथेच फुटून जातात. प्रत्येक नवा नॅचरलिस्ट, प्रत्येक नवा बँड आधीच्यापेक्षा महाग. त्यामुळे मधल्या काळात सवयीने मिशनरी घेत बसणारा कल्चरवाला शेवटच्या टप्प्यात खिसा चाचपत राहतो. बहिणीचा दुसरा घोळ हा होता. अर्ध्या नकाशावरचा तिचा धर्म धर्मविजयाला अपुरा होता, आणि कल्चरविजयाला त्याचा उपयोग जवळपास शून्य होता.

"जवळपास" म्हटलं, कारण दोन्ही वाटा एका ठिकाणी खरोखर एकमेकींना छेदतात, आणि ते म्हणजे रेलिक, पवित्र अवशेष. मार्टर (हुतात्मा) ही बढती असलेला अपॉसल धार्मिक वादात मेला तर एक रेलिक मिळतं, ते देवळात ठेवलं की ८ टुरिझम देतं. मॉन्ट सेंट मिशेल हे आश्चर्य बांधलं तर नव्या प्रत्येक अपॉसलला ही बढती आपोआप मिळते. मग कल्चरवाला आपले अपॉसल मुद्दाम मरायला पाठवतो! धर्मवाला ज्या वादात जिंकायला धडपडतो, त्याच वादात कल्चरवाला हरायला जातो. समोरच्या देशांनी एन्लाइटनमेंट हे सिव्हिक गाठलं की त्यांच्यावरचा हा धार्मिक टुरिझम निम्म्यावर येतो, म्हणून ही खेळी लवकर करायची. पुढे क्रिस्टो रेडेंटोर बांधलं तर ती घट टळते.

दोन्ही विजय खरंच वेगळे आहेत का, अशी शंका उरली असेल तर कॉंगो निवडून बघा. म्वेम्बा अ न्झिंगाला धर्म स्थापनच करता येत नाही, होली साइटही बांधता येत नाही. धर्मविजयाचं दार त्याला पहिल्या टर्नपासून बंद. तरीही कल्चर व्हिक्टरीसाठी तो गेममधल्या चांगल्या निवडींपैकी एक आहे. उलट पीटरचा रशिया घेतला तर त्याच्या लावरामुळे (होली साइटच्या जागी येणारं रशियाचं खास धर्मस्थळ) दोन्ही दारं उघडी राहतात, आणि म्हणूनच रशिया घेणारे सर्वांत जास्त गोंधळतात. मराठे मूळ गेममध्ये नाहीतच, त्यामुळे आरमाराची हौस असलेल्यांना दुसऱ्याच्या झेंड्याखाली भागवून घ्यावं लागतं.

आमच्याकडची पोरं नकाशा निवडताना हटकून आर्किपेलागो घेतात, बेटंच बेटं. समुद्राशी खेळायची सवय म्हणा. या नकाशावर माझं मत स्पष्ट आहे: कल्चर. शहराचा धार्मिक प्रभाव आपोआप पोचतो तो नकाशावरच्या १० घरांपर्यंत (चौकटींपर्यंत). सलग जमिनीवर तेवढ्यात शेजाऱ्याची दोन-तीन शहरं येतात आणि अर्धं काम न चालता होतं. बेटांवर मध्ये नुसतं पाणी. प्रत्येक शहरासाठी प्रचारक होडीत घालून न्यायचे, शिपबिल्डिंग तंत्रज्ञानाशिवाय ते पाण्यात उतरत नाहीत, खोल समुद्राला कार्टोग्राफी हे तंत्रज्ञान लागतं, आणि तिथे पोचेपर्यंत मागचं एखादं शहर फिरलेलं असतं. पॅन्जीआवर, म्हणजे एकाच सलग खंडावर, मी याच्या उलट सांगेन.

बेटांवर कल्चरवाल्याला आणखी एक खाण मिळते, सीसाइड रिसॉर्ट. रेडिओ तंत्रज्ञान आलं की किनाऱ्यावरच्या सपाट, देखण्या घरांवर ही रिसॉर्ट बांधता येतात, आणि त्या जागेचं जितकं अपील तितकं टुरिझम. वर सांगितलेलं क्रिस्टो रेडेंटोर हे टुरिझम दुप्पट करतं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यामुळे इथल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. अपीलचे नियम मात्र आपल्याला खटकतात. शेजारी डोंगर, रान, किनारा असेल तर अपील वाढतं, खाण किंवा कारखाना आला की उतरतं, इथवर ठीक. पण दाट पावसाळी जंगलही शेजारच्या घराचं अपील एकाने कमी करतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुणाला हे विचारलेलं दिसत नाही.

सुरुवातीलाच पक्कं ठरवायला हवं असं नाही, पण एक खूण आहे. धर्म स्थापन करायला लागणारे प्रॉफेट ठराविकच असतात, आठ देशांच्या नकाशावर पाच धर्म. तुमचा धर्म लवकर स्थापन झाला आणि जमिनीवरचे जवळचे शेजारी धर्माशिवाय राहिले, तर मिशनरी लगेच सुटू द्या. तिघे शेजारी स्वतःचे धर्म घेऊन बसलेत आणि त्यातल्या एकाचे अपॉसल दर थोड्या टर्नांनी दारात येतायत, तर फेथ झाकून ठेवा, थिएटर स्क्वेअर (कल्चरची वास्तू) बांधा, ग्रेट वर्क्स गोळा करा.

थोपवण्याची रीतही दोघांची वेगळी. दुसरा कुणी धर्माने जिंकत असेल तर जगभर धावायची गरज नाही. त्याला तुमच्या देशातही निम्म्याहून जास्त शहरं लागतात, तेव्हा तुमची निम्मी शहरं राखलीत की तो कायमचा अडकला. एका अपॉसलकडून इन्क्विझिशन (परका धर्म हटवण्याची मोहीम) सुरू करून घ्या आणि ते काम करणारे दोन इन्क्विझिटर घरीच फिरते ठेवा. स्वतःचा धर्म नसेल तर तिसऱ्याच कुणाचा धर्म मुद्दाम निम्म्या शहरांत वाढू द्या, तेही चालतं. कल्चरवाल्याला असं दारात अडवता येत नाही. खुल्या सीमांचा करार संपला की पुन्हा करायचा नाही, त्याच्याशी व्यापारी मार्ग चालवायचे नाहीत, आपलं कल्चर वाढवत राहायचं. हेही पुरत नसेल तर उरतं फक्त सैन्य, आणि ते त्याच्या परदेशी पर्यटकांचा आकडा तुमच्या घरगुती आकड्याजवळ येण्याच्या बऱ्याच आधी तयार असावं लागतं.