डीचं मलम आणि डीची पुडी

सोरायसिसच्या चिठ्ठीवर कॅल्सिपोट्रिऑल मलम असलं आणि "हे व्हिटॅमिन डीचंच बरं का" असं मी सांगून बसलो, की काउंटरपलीकडून पुढचा प्रश्न ठरलेला: "मग चोपडत कशाला बसायचं? घरात हाडांची पुडी आहेच, तीच घेते." किंमत बघता प्रश्न रास्तच आहे.

सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्तीच्या चिथावणीने त्वचेला घाई सुटते. तळाची पेशी वर येऊन झडायला एरवी महिनाभर लागतो; इथे चार-पाच दिवसांत उरकतं. मग अर्धकच्च्या पेशींचे रुपेरी पापुद्रे कोपर-गुडघ्यांवर साचतात. कॅल्सिपोट्रिऑल हा तयार, कामाला जुंपलेल्या डीचा कारखान्यात घडवलेला भाऊ. तो चट्ट्यातच उतरून त्या घाईला लगाम घालतो.

पुडीतलं 60,000 युनिट डी म्हणजे नुसता कच्चा माल, तोही दीड मिलिग्रॅम. आधी यकृतातून, मग मूत्रपिंडातून गेल्यावर ते कामाचं होतं, आणि मूत्रपिंड शरीराला हवं तेवढंच बनवतं. म्हणून पुड्या वाढवून कोपराला काही जास्तीचं मिळत नाही. रक्तात डी कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, सहसा आठवड्याला एक, जरूर घ्या. रोज फोडत बसलात तर कॅल्शियम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठ, शेवटी मूत्रपिंडालाच दणका.

गंमत म्हणजे मलमाची वाट पोटातूनच सापडली. 1985 साली ओसाकाच्या डॉक्टरांनी नोंदवलं, की ठिसूळ हाडांसाठी डीचं औषध घेणाऱ्या रुग्णाचा सोरायसिसच ओसरला. पण ते साधं डी नव्हतं. मूत्रपिंडाची पायरी आधीच ओलांडलेलं रूप होतं. असलं डी पोटातून जास्त दिलं की कॅल्शियम वाढतंच. कॅल्सिपोट्रिऑल रक्तात गेलं तरी झटकन मोडतं, म्हणून ते बाहेरून लावायला सोयीचं. तरी मोठ्या माणसाने आठवड्याला 100 ग्रॅमच्या वर जाऊ नये. सॅलिसिलिक ॲसिडचं मलम त्याच्यावर लावू नका, ते याला निकामी करतं. थोडी चुरचुर होते, आणि फरक दिसायला काही आठवडे जातात.

चिठ्ठीत फॉलिक ॲसिड दिसलं तर तेही चट्ट्यांसाठी नसतं. सोरायसिससाठीच पोटातून दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून असतं. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा बारीक, पिवळ्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मी त्या पाकिटावर वार मार्करने लिहूनच हातात देतो.