रेझिन कन्व्हर्जन किट

लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा प्रकार बदलून त्याच विमानाचा दुसरा प्रकार घडवण्यासाठी मिळणारा, पॉलियुरेथेन रेझिनमध्ये ओतलेल्या सुट्या भागांचा संच. त्यात बहुधा नवे नाक, कॉकपिट, शेपटीचा भाग किंवा इंजिनाचे मागचे तोंड असते. पंख, धड, चाके हे सगळे मूळ प्लास्टिक किटमधूनच घ्यावे लागते. म्हणजे एका मॉडेलसाठी दोन खरेद्या होतात आणि पहिल्या खरेदीवर करवत चालवावी लागते.

असे संच निघण्यामागे साधा हिशेब आहे. प्लास्टिक किट बनवताना वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरतात. हा साचा कोरून घ्यायला मोठा खर्च येतो, त्यामुळे हजारो डबे खपतील असेच विमान कंपनी निवडते. रेझिनचे तसे नाही. मूळ नमुना घडवायचा, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा काढायचा आणि त्या साच्यात दोन द्रवांचे मिश्रण ओतायचे. भाग खोलीच्या तापमानालाच घट्ट होतो. रबराचा साचा काही डझन नगांनंतर फाटायला लागतो, पण नवा साचा स्वस्तात होतो. थोड्याच लोकांना हवे असलेले विमान म्हणूनच रेझिनमध्ये मिळू शकते. या धंद्यात झेक प्रजासत्ताकातील कारखाने आघाडीवर आहेत. एडुआर्ड आणि सीएमके ही त्यांतली परिचित नावे.

भारतीय विमाने करणाऱ्याला रेझिनवाचून गत्यंतर नसते, ते यामुळेच. जग्वारचे उदाहरण घेऊ. भारतीय हवाई दलात हे विमान १९७९ साली आले आणि ‘शमशेर’ नावाने ओळखले जाऊ लागले. फ्रान्स, ब्रिटन, ओमान यांनी आपापली जग्वार केव्हाच निवृत्त केली. भारताकडे ती अजून उडतात. एअरफिक्स आणि हासेगावा या कंपन्यांच्या १/७२ (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या) मापाच्या किटमध्ये मात्र ब्रिटिश घाटाचे विमान मिळते, ज्याच्या नाकाचे टोक छिन्नीसारखे तासलेले असून त्यात लेझरची काच असते. सागरी हल्ल्यासाठी भारताने घेतलेल्या जग्वार आयएममध्ये त्या जागी अगावे रडार आणि त्यावर गोलसर निमुळते आवरण आले. हा प्रकार फक्त भारताकडे असल्याने त्यासाठी पोलादी साचा कोरायला कोणी सहसा धजत नाही. अशा वेळी रेझिनचे नाक घ्यायचे आणि प्लास्टिकचे कापायचे.

कापण्याआधीची मोजणी हा या कामाचा गाभा आहे. रंगकामाचे कौतुक जास्त होत असले तरी मॉडेल बिघडते किंवा साधते ते इथेच. १/७२ मापात जग्वारचा पंखविस्तार जेमतेम १२ सेंटिमीटर भरतो आणि मॉडेलवरचा १ मिलिमीटर खऱ्या विमानावर ७ सेंटिमीटरहून अधिक होतो. करवतीचे पाते स्वतःच पाव मिलिमीटर खाते. म्हणून शहाणा माणूस रेषेवर कापत नाही. रेषेच्या बाहेर, टाकायच्या बाजूला कापतो आणि उरलेली कड सपाट काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासत रेषेपर्यंत आणतो. धडाचे दोन अर्धे आधी जोडून मग कापायचे की सुटे असतानाच, यावर मॉडेलकारांत दोन मते आहेत. आधी जोडलेले बरे, कारण तोंडाचा गोल आकार कापताना टिकून राहतो.

रेझिनच्या भागाला ओतकामाचा एक ठोकळा चिकटलेला असतो. तो बारीक दातांच्या करवतीने सावकाश कापतात. घाई केली की पातळ कडेचा टवका उडतो. ही धूळ फुफ्फुसांना घातक असते, त्यामुळे भाग पाण्यात बुडवून घासणे आणि तोंडावर मास्क लावणे याला पर्याय नाही. मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये, जिथे कामाचे टेबल आणि जेवणाची जागा एकच असते, तिथे तर नाहीच नाही. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. वाकडा झालेला पातळ भाग गरम पाण्यात धरला की मऊ पडतो. तो सरळ करून लगेच थंड पाण्यात सोडायचा.

प्लास्टिक जोडण्याचा नेहमीचा सिमेंट इथे चालत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोड करतो आणि पॉलियुरेथेनवर त्याचा काही परिणाम होत नाही. मग उरतात सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे घरोघरी असणारे फेविक्विक, आणि अ‍ॅरल्डाइटसारखे दोन नळ्यांचे इपॉक्सी. नाकासाठी इपॉक्सी बरे, कारण नाक सरळ आहे की नाही हे समोरून, वरून, बाजूने न्याहाळायला वेळ मिळतो. जोडाच्या फटीत पुट्टी भरून ती घासतात, आणि घासताना पुसल्या गेलेल्या पॅनल लाइन, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा, सुईने पुन्हा कोरतात. रेझिन भरीव असल्याने वजन वाढते. नाकात वाढले तर सोयीचे. शेपटीकडे वाढले तर विमान मागे कलते आणि नाकात शिसे भरावे लागते.

सामानासाठी मुंबईसारखे शहर नाही. वॉटर पेपर, पाती, ड्रिल बिट यांसाठी नागदेवी स्ट्रीट, आणि सोनारांच्या बारीक करवती व सुईसारख्या कानशी झवेरी बाजाराच्या परिसरात. ही हत्यारे परदेशी हॉबी कंपन्यांच्या हत्यारांपेक्षा स्वस्त पडतात आणि कामात कुठेही कमी नाहीत. रेझिनचे भाग मात्र बहुधा बाहेरून मागवावे लागतात आणि टपालाने आले तर बॅलार्ड पियरच्या फॉरेन पोस्ट ऑफिसातून, कस्टम ड्युटी भरून, हाती पडतात. ज्वलनशील रंग आणि थिनर विमानाच्या टपालाने येत नाहीत, त्यामुळे रंग इथेच शोधावे लागतात.

मुंबईच्या हवेचा या कामावर जेवढा प्रभाव पडतो तेवढा दुसऱ्या कशाचाच पडत नाही. जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. लॅकर रंगातला थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर साचते आणि रंगावर पांढुरके सावट येते. हळू उडणारा थिनर वापरणे किंवा पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग घेणे हे त्यावरचे उपाय. कॉम्प्रेसरच्या टाकीतही पाणी साठते. नळीवर पाणी अडवणारी बाटली नसेल तर एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनमधून, रंगाबरोबर थेंब उडतात. उलट सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्यानेच घट्ट होत असल्याने पावसाळ्यात ते चटकन धरते, आणि उघडी बाटलीही लवकर आटते. कापणे, घासणे, जोडणे पावसाळ्यात उरकून रंगकाम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखणे हे इथल्या हवेला धरून होते.

रंगानंतर चकचकीत वार्निशचा हात देऊन डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, लावतात. विमानावरच्या गोल भारतीय चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. डेकलची पांढरी शाई पातळ असेल तर गडद राखाडी पंखावर केशरी मातकट दिसतो. त्यासाठी आधी पांढरी चकती रंगवून वर डेकल बसवणे चांगले. त्यानंतर मॅट वार्निश.

मुंबईशी जास्त जवळचे नाते सी हॅरियरचे. १९८३ साली नौदलात दाखल झालेली ही विमाने तुकडी क्रमांक ३०० ‘व्हाइट टायगर्स’ची, जुनी विक्रांत आणि विराट या मुंबईच्या विमानवाहू युद्धनौकांवरची, २०१६ साली ती निवृत्त झाली. एकआसनी एफआरएस ५१ सरळ किटमधून होते. प्रशिक्षणासाठीचे टी ६० करायचे तर काम वाढते. दोनआसनी हॅरियरचे नाक लांबवले, तेव्हा तोल राखण्यासाठी शेपटीही लांबवावी लागली होती. म्हणून कन्व्हर्जन संचात दोन्ही टोके आणि नवी काच येते, आणि धड दोन ठिकाणी कापावे लागते. काच रेझिनची नसते. पातळ पारदर्शक पत्रा गरम करून, निर्वाताने साच्यावर ओढून ती बनवतात, आणि कात्रीने कापताना तडकण्याचा धोका असतो. मोजमापासाठी छायाचित्रे पुरत नाहीत. गोव्याला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर उभे आहे. तिथे स्वतः जाऊन, सर्व बाजूंनी पाहून आलेल्याचे मॉडेल वेगळे दिसते.

अलीकडे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग ओतीव रेझिनची जागा घेत आहेत. त्यांत हवेचे बुडबुडे नसतात आणि कॉकपिटमधली बटणे अधिक रेखीव येतात, पण मटेरियल ठिसूळ असते, आणि स्वस्त छपाईत वक्र पृष्ठभागावर पायऱ्यांसारख्या रेषा राहतात, ज्या नाकासारख्या गुळगुळीत भागावर घासून काढाव्या लागतात. ओतीव संचांचे साचे एकदा झिजले की बनवणारे ते पुन्हा काढतीलच असे नाही, त्यामुळे जग्वार आयएमसारख्या कमी खपाच्या विमानाचे भाग दिसतील तेव्हा घेऊन ठेवणे आणि मूळ किट नंतर शोधणे हेच सोयीचे पडते.