पडद्यामागचा हिशेबनीस : गॅरी हट्झेल आणि टीव्हीवरचं अंतराळ

सिनेमाच्या व्हीएफएक्स (म्हणजे दृश्य करामतींच्या) सुपरवायझरला एका युद्धप्रसंगासाठी महिनोन् महिने मिळतात. मालिकेतल्याला मात्र पुढचा एपिसोड वेळेवर द्यायचा असतो. म्हणून टीव्हीवर हे काम निम्मं कलेचं, निम्मं हिशेबाचं. कुठल्या शॉटवर पैसे ओतायचे आणि कुठे जुनाच शॉट पुन्हा वापरायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे सुपरवायझर. अमेरिकन टीव्हीवर ही भूमिका कशी घडत गेली, ते गॅरी हट्झेल यांच्या कारकिर्दीत नीट दिसतं.

सुरुवात १९८७ची. (आपल्याकडे त्याच वर्षी रविवारी सकाळी 'रामायणा'तले बाण आकाशात एकमेकांना भिडत होते.) 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळ-मालिकेच्या पहिल्या भागासाठी यानाचे शॉट इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या सिनेमांच्या व्हीएफएक्स कंपनीने करून दिले. पण दर आठवड्याला त्यांच्याकडे जाणं परवडणारं नव्हतं. मग रॉबर्ट लेगॅटो आणि डॅन करी असे दोन सुपरवायझर आलटून पालटून एपिसोड करू लागले. हट्झेल होते लेगॅटोंच्या हाताखाली, को-ऑर्डिनेटर म्हणून.

यानं म्हणजे खरीखुरी मॉडेलं. संगणकाच्या ताब्यातला मोशन कंट्रोल कॅमेरा एकच हालचाल तंतोतंत पुन्हा पुन्हा करायचा: एकदा यानासाठी, एकदा खिडक्यांतल्या दिव्यांसाठी, एकदा यान पार्श्वभूमीपासून वेगळं काढायला. हे सगळे 'पास' एकत्र करायचे ते मात्र व्हिडिओ टेपवर. वेळ आणि पैसा दोन्ही वाचायचे. त्या बचतीची किंमत पुढे मोजावी लागली. टेपवरचं चित्र मोठं करून स्पष्ट होत नाही, त्यामुळे २०१२पासून ही मालिका ब्ल्यू-रेवर आणताना मूळ निगेटिव्ह शोधून हजारो शॉट नव्याने जुळवावे लागले.

लेगॅटो सिनेमाकडे वळले आणि 'टायटॅनिक'साठी ऑस्कर घेऊन आले. हट्झेल टीव्हीतच राहिले. 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेत ते सुपरवायझर झाले आणि १९९६ साली त्यांच्या वाट्याला एक भन्नाट एपिसोड आला. स्टार ट्रेकला ३० वर्षं झाली म्हणून १९६७च्या एका जुन्या भागात नव्या मालिकेतली पात्रं घुसवायची होती. जुन्या यानाचं सुमारे साडेपाच फुटी मॉडेल ग्रेग जीन यांनी नव्याने घडवलं. सेट पुन्हा उभे राहिले, नवे नट जुन्या नटांच्या शेजारी बसवले गेले. इथली खरी कसोटी चित्र सुंदर करण्यात नव्हती. प्रकाश, रंग, फिल्मचा रवा (चित्रातला बारीक दाणेदारपणा), सगळं साठच्या दशकाइतकंच जुनं दिसायला हवं होतं. माझ्या मते हट्झेल यांची नजर इथेच सर्वांत जास्त दिसते. दुर्दैव असं, की 'डीप स्पेस नाइन' संपूर्ण मालिका म्हणून तशी नव्याने जुळवली गेली नाही. हे काम आजही बहुतेकांना टेपच्या धूसरपणातूनच बघावं लागतं.

त्या एपिसोडच्या लेखकांपैकी एक, रोनाल्ड मूर, यांनी २००३ साली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही जुनी अंतराळ-मालिका नव्याने आणली तेव्हा सोबत हट्झेल होते. मॉडेलं गेली होती, यानं आता संगणकात बनत होती. तरी कॅमेरा मात्र एखाद्या बातमीदाराच्या खांद्यावर असल्यासारखा हलायचा, यान शोधताना चुकायचा, गडबडीत झूम करायचा. सुरुवातीला काम बाहेरच्या स्टुडिओंकडे जायचं. पुढे हट्झेल यांनी मालिकेचीच स्वतःची तुकडी उभी केली: सकाळी दिग्दर्शकाने बदल सांगितला, तर निरोप दुसऱ्या कंपनीत पाठवत बसायला नको. अख्खं अंतराळ-जहाज ग्रहाच्या वातावरणात कोसळत उतरतं आणि शेवटच्या क्षणी नाहीसं होतं, तो २००६चा एपिसोड याच मालिकेतला. त्याला २००७चं एमी (अमेरिकन टीव्हीचा पुरस्कार) मिळालं, पुढच्या वर्षी आणखी एक.

२०१२च्या 'ब्लड अँड क्रोम' या गॅलॅक्टिकाच्याच पूर्वकथेपर्यंत मूळ मालिकेचे सेट मोडून झाले होते. हट्झेल यांच्या तुकडीने ते संगणकात पुन्हा उभे केले आणि नट जवळपास सगळा वेळ हिरव्या पडद्यासमोर उभे राहिले. चार वर्षांनी, मार्च २०१६मध्ये, हट्झेल गेले.