सत्तरचा आकडा आला १७९४ च्या सेंटवरून

अमेरिकी नाण्याच्या सीलबंद डबीवर 'एमएस ६५' (एमएस म्हणजे चलनात न वापरलेलं) किंवा 'व्हीएफ २०' (व्हीएफ म्हणजे वापरलेलं पण तपशील टिकलेलं) असं छापलेलं असतं. १ ते ७० ही प्रतवारी आज सोन्या-चांदीच्या नाण्यांनाही लावतात. पण ती जन्मली तांब्याच्या सेंटपायी, आणि मुळात ती प्रतवारीपेक्षा भाव काढायचा हिशेब होता.

एप्रिल १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात टांकसाळ उभी राहिली. पुढच्या मार्चमध्ये पहिले सेंट बाहेर पडले. त्यांच्या मागच्या बाजूला पंधरा कड्यांची साखळी होती. ती राज्यांच्या एकीची खूण. लोकांना मात्र त्यात बेड्या दिसल्या. अशी ३६,१०३ नाणी पाडून ते चित्र बदललं. तांब्याची ओढाताण नेहमीचीच होती. १७९५ च्या अखेरीस सेंटचं वजन २०८ ग्रेनवरून (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) १६८ वर आणलं, नंतर कोऱ्या चकत्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून मागवल्या. याच बोल्टनच्या कारखान्यात १७९१ पासून मुंबई इलाख्याची तराजू असलेली तांब्याची नाणी पाडली जात होती, म्हणून हे नाव आपल्या संग्राहकांना नवखं नाही.

त्या काळी ठसे हातानेच कोरत आणि ते लवकर तडकत. त्यामुळे एकट्या १७९४ सालात सेंटचे पन्नासाहून अधिक प्रकार सापडतात. कुठे केसांची बट वेगळी, तर एका प्रकारावर काठालगत ९४ बारीक तारे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी १८६९ मध्ये या प्रकारांना 'व्हीनस मरीना', 'पॅटागोनियन' अशी नावं दिली. या छंदाचा खरा जिव्हाळा मला अशा नावांत दिसतो. त्याआधी जोसेफ मिकली आपल्या जन्मसालाचा, म्हणजे १७९९ चा, सेंट शोधायला निघाले आणि तो दुर्मीळ निघाल्याने पक्के संग्राहक झाले. १८५७ मध्ये तांब्याचा हा मोठा सेंट आणि अर्धा सेंट दोन्ही बंद झाले, तेव्हा जुनी नाणी राखून ठेवणारे एकदम वाढले.

१९४९ मध्ये या सेंटचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १७९४ च्या सेंटच्या भावांवरून हिशेब मांडला. जेमतेम ओळखू येणारं नाणं १, निर्दोष नाणं ७०. त्या प्रकाराच्या सर्वांत झिजलेल्या नाण्याच्या किमतीला प्रतीच्या आकड्याने गुणलं की भाव निघतो. थोड्याच वर्षांत उत्तम नाण्यांचे भाव इतके चढले की गुणाकार जुळेना. आकडे मात्र टिकले. १९७० च्या दशकात ते इतर नाण्यांनाही लागू झाले, आणि १९८६ नंतर डबीबंद प्रमाणपत्रांनी ते सर्वदूर नेले. शेल्डन यांनी एका संस्थेच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून तिथे आपली हलकी ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. त्यांच्या अभ्यासाचं मोल मानूनही ही गोष्ट मला सलते.

तांबंवाले, म्हणजे तांब्याच्या नाण्यांचे संग्राहक, आजही स्वतःच्याच पद्धतीने प्रत ठरवतात, आणि मला तीच प्रामाणिक वाटते. तांबं हवेने, ओलीने, बोटांच्या घामाने डागाळतं. घरचा तांब्या आपण चिंचेने लखलखीत घासतो. सेंटला तसं केलं तर त्यावर काळाने चढलेला तपकिरी रंग परत तसा येत नाही. म्हणून आधी झीज पाहून आकडा ठरवायचा, मग खड्डे, ओरखडे, गंज यांपायी तो खाली आणायचा. झिजेच्या मानाने ३० भरणारा सेंट खड्ड्यांमुळे त्यांच्या वहीत १५ वर उतरतो, आणि त्याची किंमतही १५ चीच धरली जाते.