लेन्स जितकी वाइड तितकी चांगली? एक खुलासा

बडोद्यात फ्लॅटचे फोटो काढायला शिकणाऱ्यांना हमखास सल्ला मिळतो: लेन्स जितकी वाइड (म्हणजे एका फोटोत जितकी जास्त खोली मावेल), तितकं गिऱ्हाईक खूश. साफ चूक. फुल-फ्रेम (म्हणजे जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरच्या खाली गेलात (आकडा जितका लहान, तितकी लेन्स वाइड) की कडेचा सोफा ताणला जातो, १० फुटी खोली हॉल वाटते. मग बघायला आलेला माणूस दारातच हिरमुसतो आणि बोलणी खातो ब्रोकर. तो पुन्हा कशाला बोलावेल तुम्हाला? १६ ते २४ मिलिमीटर पुरे. खरी मेहनत ट्रायपॉड छातीएवढ्या उंचीवर लावून भिंतींच्या उभ्या रेषा सरळ ठेवण्यात आहे. खिडकी पांढरीफटक होऊ नये म्हणून एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे ३ फोटो काढून एकात मिसळायचे. नमुन्याला मांजलपूरच्या मावशीचा फ्लॅट चालेल (पसारा आधी आवरा!). मग अलकापुरीतल्या ब्रोकरांना दाखवा, दर आधीच सांगून.